धुराचं सासर

गोदाआत्या कुणाच्याही घरी गेल्या की आधी वर बघायच्या. उंबऱ्यात चप्पल काढता काढता मान मागं टाकून थेट आढ्याकडं. घरातली बाई "या, बसा" म्हणत पाण्याचा तांब्या घेऊन उभी असायची आणि आत्यांची नजर पत्र्यावर, वाशांवर, भिंतींच्या वरच्या कोपऱ्यांवर फिरत असायची. मग त्या मान खाली करायच्या, तांब्या घ्यायच्या आणि विचारायच्या, "धूर कुठं जातो गं तुमचा?"

नव्या माणसाला हे विचित्र वाटायचं. गॅसवर स्वयंपाक करणाऱ्या बाईला तर काय उत्तर द्यावं तेच कळायचं नाही. पण भिवंडीत टेमघरला आमच्या गल्लीत सगळ्यांना त्यांची सवय झाली होती. कुणी घर बांधलं की आत्यांना बोलवायचे आणि म्हणायचे, "आधी वर बघून घ्या आत्या, मग चहा टाकते." एकदा आम्ही त्यांना वज्रेश्वरीच्या गरम कुंडांवर घेऊन गेलो होतो. गुडघे दुखायचे त्यांचे. पाण्यात पाय सोडून त्या वाफेकडं बघत बसल्या. मला वाटलं, देवीचं नाव घेत असतील. तर म्हणाल्या, "खाली कोण चूल पेटवतंय ते पेटवू दे. पण त्याचा धूर कुठं सोडलाय?"

मलासुद्धा त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते असंच, म्हणजे माझ्याकडं न बघता. माझं माहेर वज्रेश्वरीच्या बाजूच्या एका खेड्यातलं. मला बघायला मंडळी आली, त्यांत बाईमाणूस आत्या एकट्याच. मी चहा घेऊन बाहेर आले. चौथीनंतर शाळा सुटली होती आणि परक्या माणसांत बोलायची सवय नव्हती. पाहुण्यांनी नाव विचारलं, तर नावही घशातच राहिलं. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. पुरुषमाणसं एकमेकांकडं बघायला लागली. तेवढ्यात आत्या उठल्या आणि कुणाला न विचारता आमच्या स्वयंपाकाच्या खोलीत गेल्या. चुलीच्या वरचं एक कौल अर्धं सरकवलेलं होतं आणि पाऊस आत येऊ नये म्हणून त्याच्यावर दुसरं कौल तिरकं टेकवलेलं होतं.

"हे कोणी केलं?" त्यांनी आईला विचारलं.

"हिनंच. ऐकते कुठं? चढते वर माकडासारखी," आई घाबरून म्हणाली.

आत्या बाहेर येऊन आपल्या भावाला, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाल्या, "पोरीला तोंड न्हाय, पण डोकं हाय. आणि तोंडाचं काय, ते आपल्या घरात माझं हाय की! दोघींना पुरंल." लग्न तिथंच ठरलं.

आत्यांचा नवरा लग्नानंतर लवकरच गेला, तेव्हा त्या माहेरी टेमघरला परत आल्या होत्या. भावजय आजारी होती, पुढं ती वारली. भाचा दत्तू, म्हणजे माझे यजमान, आत्यांनीच वाढवला. कुणाच्या हाताकडं बघायला नको म्हणून त्या तांदळाच्या भाकऱ्या करून देऊ लागल्या. आधी लूमवरच्या, म्हणजे कापडाच्या यंत्रमागांवरच्या कामगारांना, पुढं जवळच राहनाळला गोदामं झाली तेव्हा तिथल्या हमालांना. माझे यजमान टेम्पो चालवतात, राहनाळच्याच फेऱ्या असतात, त्यामुळं डबे तेच पोहोचवायचे. माझे सासरे गेल्यावर घरात आम्ही तिघंच उरलो.

आत्यांची भाकरी पातळ, पांढरीशुभ्र. तव्यावरून काढून विस्तवासमोर धरली की टम्म फुगायची आणि दुपारी डबा उघडेपर्यंत मऊ राहायची. गॅसवर करायला त्या तयार नसायच्या. म्हणायच्या, "गॅसला आच हाय, पण धग न्हाय. ती भाकरी फुगते ती पाहुण्यासारखी. जरा बसते न बसते तर निघाली."

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी आणि समोरच्या हमीदाभाभींची खिडकी अगदी तोंडाला तोंड. मध्ये एवढीशी गल्ली. दोघींनी हात लांब केले की वाटी इकडून तिकडं जायची. हमीदाभाभींचे लोक मूळचे कोकणातले, पण भिवंडीत पिढ्यान् पिढ्यांचे. घराला लागून त्यांचे थोडे लूम आहेत. विरजण, कोथिंबीर, आमचे गणपतीचे मोदक, त्यांचा ईदचा शीरखुर्मा, सगळं त्या खिडकीतूनच जायचं-यायचं. दरवाजातून फक्त लग्नाचं आमंत्रण द्यायला जायचं. आत्या भाकऱ्या थापताना खिडकीकडं तोंड करून बसायच्या आणि लूमच्या खडखडाटावर आवाज काढून हमीदाभाभींशी बोलायच्या. मी बाजूला उकड मळत ऐकायची. त्या दोघी बोलायच्या म्हणून मला न बोलता गप्पा मारल्यासारखं वाटायचं.

आमची चूल तेव्हा मागच्या पडवीत होती. मग मागची जागा विकली गेली, तिथं एका गोदामाची उंच भिंत उभी राहिली आणि पडवी गेली. चूल घरात आणायची तर लाकडाचा धूर कुठं जाणार? आठ-पंधरा दिवस आत्या नुसत्या वर बघत घरात फिरत होत्या. तेव्हा यजमानांनी पेलेटची शेगडी आणली. लाकडाचा भुसा आणि शेंगांची टरफलं दाबून बारीक कांड्या करतात, त्यांना पेलेट म्हणतात. शेगडी लोखंडाची. वर तव्याला जागा, पुढं भाकरी फुगवायला लहान तोंड, मागं धुराचं भोक आणि खाली विजेवरचा पंखा. पंखा वारा घालतो आणि जाळ निळसर, सरळ उभा राहतो.

"विकणारा म्हणाला, याला धूरच नाही," यजमानांनी सांगितलं.

"धूर न्हाय असा विस्तव मी बघितला न्हाय," आत्या म्हणाल्या, "आणि खोटं बोलत न्हाय असा विकणारा पण न्हाय. मागचं भोक काय नाकात घालायला दिलंय?"

पाइप लावायचाच होता. यजमानांनी काय केलं, तर भंगारवाल्याकडून एक जुना बीम आणला. लूमवर ताण्याचं सूत ज्या लोखंडी नळीवर गुंडाळलेलं असतं तो बीम. भिवंडीत लूमचं भंगार कुठं वापरत नाहीत? आमच्या कपडे वाळत घालायच्या दांड्या बीमच्या, मांडवाचे खांब बीमचे, एका घरातला पाळणासुद्धा बीमला टांगलेला मी पाहिलाय. तेव्हा धुरालाही बीमच, हे इथल्या माणसाला पटकन सुचणार. यजमानांनी तो आडवा भिंतीतून गल्लीत काढला. वर का नाही नेला? कारण पत्रा नवा होता. जुना पत्रा इतकी वर्षं गळत होता की पावसाळ्यात पिठाचे डबे खाटेवर आणि आम्ही खाली, अशी गत होती. नव्या पत्र्यावर यजमानांचा फार जीव. कावळा बसला तरी त्यांना आवडायचं नाही.

"गल्लीत सोडतोस?" आत्यांनी विचारलं. "पलीकडं हमीदाची खिडकी हाय."

"आत्या, धूर केवढासा! दिसणारसुद्धा नाही."

"दिसत न्हाय त्याचीच भीती जास्त. बरं, करून बघ."

सुरुवातीला खरंच काही झालं नाही. पंखा चालू असला की धूर नावालाच निघायचा. आत्यांना शेगडी आवडली. धग चांगली होती, भाकरी फुगत होती. मग एका दुपारी लाइट गेली.

भिवंडीत लाइट गेली की डोळ्यांआधी कानांना कळतं. सगळ्या गल्ल्यांमधले लूम एकदम थांबतात आणि इतकं शांत होतं की माणूस दचकतो. त्या शांततेत आमच्या शेगडीचा पंखाही थांबला. आत पेलेट भरलेले होते, ते जळायचे थोडेच थांबणार? जाळ मंद झाला आणि धूर वाढला. त्यात दुपारचा खाडीकडून येणारा वारा गल्लीत शिरून सरळ बीमच्या तोंडावर आदळत होता. अर्धा धूर उलटा आमच्या घरात आला, उरलेला गल्लीत साचला आणि हमीदाभाभींच्या खिडकीतून आत गेला. आम्ही तवा ओढून खाली घेतला, शेगडीवर राख टाकली, डोळे पुसत बाहेर पळालो. समोरून खोकल्याचा आवाज येत होता. हमीदाभाभींच्या सासूबाई, त्यांना सगळे बडीअम्मा म्हणतात, जुन्या दम्याच्या. त्यांची खाट त्या खिडकीखालीच. खोकला थांबेना. मग खिडकीशी हमीदाभाभी दिसल्या. त्यांनी आमच्याकडं बघितलं, काही बोलल्या नाहीत, आणि खिडकी लावून घेतली.

ती खिडकी लागलेली मी कधी बघितलीच नव्हती. पावसातसुद्धा वर पत्र्याचा तुकडा लावून ती उघडी असायची. दुसऱ्या दिवशीही ती बंद होती. बडीअम्मांना रात्रभर बसून काढावं लागलं, असं कळलं. आत्यांनी शेगडी पेटवली नाही. राहनाळला निरोप पाठवला की भाकरी मिळणार नाही.

यजमान म्हणाले, "भाभी रागावल्यात. मी जाऊन माफी मागतो."

"रागावली असती तर बरं झालं असतं," आत्या म्हणाल्या. "भांडणात मला कोण हरवणार? पण तिनं तोंडातून शब्द काढला न्हाय. माझ्या धुरानं तिची सासू गुदमरली आणि ती मला बोलली पण न्हाय. ऐक दत्तू. ती खिडकी आपणहून उघडली तरच शेगडी पेटंल. न्हायतर भाकरी बंद. मी गॅसवर तुमच्यापुरतं शिजवीन आणि देव देव करीन." आणि देव देव करणं हे आत्यांना मुळीच जमण्यासारखं नव्हतं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

यजमानांनी अक्रममिस्त्रींना आणलं. ते लूमच्या कारखान्यांत पत्र्याची कामं करतात. त्यांनी बीममध्ये बोट घातलं, शेगडीच्या भोकात मूठ घातली आणि हसले. "मौसी, मुँह इतना बड़ा और गला इतना छोटा? और ऊपर से लेटा के रखा है. धुआँ क्या रेंगते रेंगते जाएगा?"

त्यांनी समजावून सांगितलं ते मला बरोबर कळलं. आडवा पाइप पंख्याच्या जिवावर चालतो. पंखा थांबला की धूर परत फिरतो. उभा पाइप असला तर गरम धूर स्वतःच वर चढतो आणि मागचा धूर ओढून नेतो. लाइट असो वा नसो. वळणं जितकी कमी तितकं चांगलं. पाइप शेगडीच्या भोकाएवढा पाहिजे, त्याहून बारीक नको. "सीधा ऊपर, पत्रा फाड़ के," मिस्त्री म्हणाले.

"पत्रा फाडून?" यजमान उभेच राहिले. "नवा पत्रा आहे. पाणी येईल."

"पाणी आलं तर खाली बादली ठेवीन," आत्या म्हणाल्या. "धूर आला तर काय ठेवशील?"

यजमानांचं तोंड फुगलं. आम्हाला वाटलं, ठरलं. मिस्त्री माप घ्यायला लागले तर आत्यांनी त्यांचा हात धरला. "थांब बाबा. वर काढायचा ते पटलं. पण वर गेल्यावर पुढं कुठं जाईल?"

"हवा में, मौसी. और कहाँ?"

"हवेत म्हणजे कुणाच्या घरात? धूर म्हणजे लेक. आपल्या घरातून काढून दिली म्हणजे झालं असं न्हाय. कुठं पडते ते बघायला नको? मी आधी स्थळ बघून येते."

मिस्त्री हसत गेले. मला वाटलं, आत्या नेहमीसारखं बोलल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी धुतलेलं लुगडं नेसलं, डोक्यावरून पदर घेतला आणि गल्ली ओलांडून हमीदाभाभींच्या दरवाजातून आत गेल्या. दरवाजातून! मी मागं होते. हमीदाभाभी गोंधळल्या. आत्यांनी सवयीनं वर बघितलं आणि सरळ बडीअम्मांच्या खाटेवर जाऊन बसल्या.

बडीअम्मा उशीला टेकून होत्या. म्हणाल्या, "गोदा, इतनी सज के? धुएँ का रिश्ता लाई है क्या?" कुणीतरी त्यांना आधीच सांगितलं होतं. आमच्या गल्लीत बातमीला धुरापेक्षा लवकर वाट सापडते.

"होय अम्मा. पोरगी काळी हाय, तापट हाय, आणि एकदा घरात शिरली की निघत न्हाय."

"तो हमारे घर काहे को देती है?"

"देत न्हाय. तुमच्याकडं येणार न्हाय ना, त्याची खात्री करायला आले. मला इथं बसू द्या. खिडकी थोडा वेळ उघडा. शेगडी बंद हाय, मी शपथ घेते."

बडीअम्मा इतक्या हसल्या की त्यांना पुन्हा खोकला आला. हमीदाभाभींनी पाठ चोळली आणि खिडकी उघडली.

पुढचं काम माझं होतं. लूममधून कापसाचं बारीक तूस सारखं उडत असतं. खिडकीच्या गजांवर, तारेवरच्या कपड्यांवर, झाडांच्या पानांवर बसतं. आम्ही रोज ते झाडून काढतो. आत्यांनी त्याचाच एक पुंजका करून मला दिला होता. मी शिडीवरून पत्र्यावर चढायचं, जिथं पाइप निघणार तिथं बांबू उभा धरायचा, त्याच्या टोकाला तुसाचा पुंजका सैल अडकवायचा आणि वारा त्याचे कण कुठं नेतो ते आत्यांनी बडीअम्मांच्या खाटेवरून बघायचं. धूर जाईल तिथंच तूस जाईल, असं त्यांचं म्हणणं.

पण एक अडचण होती. मी तयार झाले की वरून ओरडून सांगायचं होतं, आणि मला ओरडता येत नाही. वर उभी राहिले, सगळी गल्ली खाली, कुणी कुणी मान वर करून बघतंय. माझ्या तोंडून आवाजच फुटेना. शेवटी मी खाली उतरले, घरातून उलथणं घेऊन वर गेले आणि पत्र्यावर ठण ठण वाजवलं. समोरून आत्यांचा आवाज आला, "ऐका अम्मा! माझी सून तोंडानं बोलत न्हाय, पत्र्यानं बोलते."

बांबू आखूड धरला तेव्हा तूस सरळ गेलंच नाही. समोरच्या आढ्यावरून वारा खाली लोळण घेतो, तसं ते गल्लीत उतरलं आणि गिरक्या घेत समोरच्या खिडकीत गेलं. एक कण बडीअम्मांच्या नाकावर बसला म्हणे. "ये देख, बारात आ गई," त्या म्हणाल्या. मी बांबू वर सरकवला. मग आणखी वर. बांबूचं टोक आढ्याच्या चांगलं वर गेलं तेव्हा तूस खाली आलंच नाही. आमच्या छपरावरून उडत मागच्या गोदामाच्या उंच भिंतीपलीकडं गेलं आणि दिसेनासं झालं. मी पत्रा वाजवला. आत्यांनी खिडकीतून हात हलवला.

तरी त्यांचं समाधान झालं नाही. दुपारी वारा खाडीकडून येतो, सकाळी दुसऱ्याच बाजूनं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. त्या वेळी आत्या आमच्या उजव्या हाताच्या घरात जाऊन बसल्या, तिथल्या बाईनं पापड वाळत घातले होते. पुढच्या दिवशी गोदामामागच्या चाळीत. प्रत्येक ठिकाणी चहा झाला. "एवढी स्थळं दत्तूच्या लग्नाला पण बघितली न्हवती," त्या म्हणाल्या. यजमान अजून पत्र्यावरून रुसलेले होते, पण तिसऱ्या वेळी बांबू धरायला तेच वर चढले. पाइप केवढा उंच हवा त्याची बांबूवर खूण केली तीही त्यांनीच.

मग अक्रममिस्त्री आले आणि पाइप बसवला. शेगडीच्या मागून निघून सरळ वर. तळाशी राख काढायला झाकण. पाइपचे तुकडे असे जोडले, की वरचा तुकडा खालच्याच्या आत बसेल आणि आत जमणारं काळं पाणी बाहेर ओघळणार नाही. पत्र्याला पाइपपेक्षा मोठं भोक पाडलं, गरम पाइप वाशाला लागू नये म्हणून भोवती मोकळी जागा ठेवली, वरून पत्र्याची झालर बसवून डांबर भरलं. टोकाला टोपी. पत्र्यावर करवत लागली तेव्हा यजमान टेम्पो पुसायला बाहेर निघून गेले. टेम्पो सकाळीच पुसलेला होता.

शेगडी पेटली. आत्या भाकऱ्या थापायला बसल्या. समोरची खिडकी बंदच होती. बडीअम्मांना बांबूचा खेळ आवडला होता, पण खेळ वेगळा आणि दमा वेगळा. हमीदाभाभी खिडकी उघडायला घाबरत होत्या आणि आत्यांनी त्यांना बोलावलं नाही. "लाइट जाऊ दे," एवढंच म्हणाल्या. लाइट जावी म्हणून वाट बघणारं माणूस भिवंडीत त्या एकट्याच असतील.

लाइट गेली ती पुन्हा एका दुपारीच. लूम थांबले. पंखा थांबला. मी तवा उतरवायला हात पुढं केला तर आत्यांनी माझं मनगट धरलं. जाळ खाली बसला, पेलेट लालभडक झाले. शेगडीच्या तोंडाशी धुराची एक रेघ आली, थोडी घुटमळली, आणि आत ओढली गेली. पाइपमधून हलकासा घू घू आवाज येऊ लागला. घरात धूर नव्हता. मी बाहेर पळत गेले आणि वर बघितलं. टोपीखालून धूर निघत होता, आढ्यावरून, सगळ्यांच्या डोक्यावरून, गोदामाच्या भिंतीपलीकडं चालला होता. गल्ली स्वच्छ होती.

मी परत आत आले तेव्हा समोरची कडी वाजली. खिडकी उघडली. हमीदाभाभींनी नाक पुढं काढून वास घेतला. आतून बडीअम्मांचा आवाज आला, "क्या हुआ? आई क्या?"

"न्हाय अम्मा," हमीदाभाभी म्हणाल्या, "गेली ती. सासरी गेली."

आत्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि मला म्हणाल्या, "शेगडीचा धूर लागला गं." धूर मुळीच नव्हता. मग तव्यावरची भाकरी काढली, फुगवली आणि तशीच गरम हमीदाभाभींच्या हातात दिली. त्या पावसाळ्यात झालरीच्या कडेनं थोडं पाणी ठिबकलं. आत्यांनी लगेच खाली बादली ठेवली आणि यजमानांना दाखवली, "बघ, मी शब्दाला जागते." यजमान हसले, वर चढले आणि आणखी डांबर भरून आले.

तेव्हापासून रोज सकाळी शेगडी पेटली की आत्या खिडकीतून हाक मारायच्या, "हमीदा, पोरगी आली का गं तुझ्याकडं?" आणि समोरून उत्तर यायचं, "न्हाय आत्या, सासरी गेली." मगच पहिली भाकरी तव्यावर पडायची. हमीदाभाभी आंघोळीला असल्या तर आत्या थांबायच्या, तवा तापून लाल झाला तरी. मी एकदा हळूच म्हटलं, आता कळलंय की धूर तिकडं जात नाही, तर रोज कशाला विचारायचं? त्या म्हणाल्या, "लेक दिली म्हणजे विचारपूस संपते का? आणि अगं, धूर न्हाय गेला तरी हाक जायला पाहिजे ना पलीकडं."

बडीअम्मा पुढं दोन उन्हाळे काढून गेल्या, त्याच खिडकीखाली, खिडकी उघडी असताना. आत्या त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. शेवटी गुडघ्यांनी साथ सोडली होती, मी भाकऱ्या थापायची आणि त्या खाटेवरून हाक मारायच्या. आवाज मात्र तसाच. एका सकाळी हाक मारली, उत्तर ऐकलं, चहा घेतला, आणि भिंतीकडं तोंड करून पडल्या. मी पहिला डबा भरून वळले तेव्हा त्या गेल्या होत्या. चेहऱ्यावर काही त्रास नव्हता. मान जराशी वर होती, आढ्याकडं बघितल्यासारखी.

सुतकात आमच्याकडं चूल पेटत नाही. ते सगळे दिवस जेवण समोरच्या खिडकीतून आलं. खिचडी, डाळ, आणि एक दिवस हमीदाभाभींनी स्वतः केलेल्या तांदळाच्या भाकऱ्या. जाड, कडेनं फाटलेल्या. आम्ही त्या सगळ्या खाल्ल्या. यजमान म्हणाले, "आत्या असती तर म्हणाली असती, हमीदा, ही भाकरी हाय का पत्रा?" आणि आम्ही दोघंही हसलो, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेगडीखालचं झाकण काढून राख साफ केली, पेलेट भरले, पंखा चालू केला. जाळ उभा राहिला. तवा ठेवला. उकड मळून तयार होती. समोरची खिडकी उघडी होती आणि हमीदाभाभी तिथंच उभ्या होत्या, भाजी निवडत, मान खाली घालून. मला कळलं की त्या थांबल्या आहेत.

तोंड उघडलं तर आवाज येईना. मी उलथणं घेतलं आणि पाइपवर ठण ठण वाजवलं. हमीदाभाभींनी मान वर केली. त्यांचे डोळे भरले होते, पण त्या हसत होत्या. "न्हाय," त्या म्हणाल्या, "पत्र्याला मी उत्तर देत न्हाय. तोंडानं विचार."

लूम चालू होते. त्यावरून आवाज काढायचा होता. मी खिडकीचा गज धरला.

"भाभी," मी म्हणाले. मग आणखी मोठ्यानं, "भाभी, पोरगी आली का हो तुमच्याकडं?"

"न्हाय गं," पलीकडून उत्तर आलं, "सासरी गेली."

मी पहिली भाकरी तव्यावर टाकली.